परसातल्या अंड्यावरच्या कोंबड्या: खाद्य कुठलं, किती आणि कधी

खुराड्यातल्या पेंढ्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ, कोमट लागलं. उचललं तर अंडंच होतं, पण कवच नव्हतं. नुसता पांढरा पडदा, आणि आत बलक हललेला स्पष्ट दिसत होता. तळहातावर धरलं तेवढ्यात ते एका बाजूने खचलं आणि मनगटावरून ओघळलं. त्या आठवड्यात अशी चार अंडी मिळाली. पुढच्या आठवड्यात दोन कोंबड्या फुटलेली अंडी खायलाच शिकल्या.

मी दापोली तालुक्यात राहते. मागच्या अंगणात बारा-चौदा कोंबड्या असतात, काही गावठी, काही ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या. ही गोष्ट पहिल्या वर्षाची. बाजारात जाऊन मी "कोंबडीचं खाद्य द्या" एवढंच म्हटलं होतं, आणि दुकानदाराने जे पोतं सर्वांत जास्त खपतं ते दिलं. ते ब्रॉयलरचं होतं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं. दोन महिने मी तेच घालत होते. कोंबड्या गुबगुबीत दिसत होत्या, म्हणून शंकाही आली नाही.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. खाद्य निवडताना एकच प्रश्न विचारायचा: ही कोंबडी आज काय करते आहे? वाढते आहे, अंडी देते आहे, की खुडूक बसली आहे? जात, पोत्याची किंमत, कंपनीचं नाव हे सगळं त्यानंतर.

आधी एवढं जवळ ठेवा

- स्वयंपाकघरातला किंवा दुकानातला साधा वजनकाटा
- टांगता येईल असं खाद्याचं भांडं (जमिनीवरच्या भांड्यात कोंबड्या उभ्या राहतात आणि निम्मं सांडतात)
- पाण्याचं भांडं, शक्यतो दोन
- दोन लहान वाट्या: एक शिंपल्याच्या चुऱ्यासाठी, एक रेवेसाठी
- घट्ट झाकणाचं पिंप आणि त्याखाली ठेवायला फळी
- एक वही. रोजची अंडी, पोतं उघडल्याची तारीख आणि खाद्य बदललं तो दिवस लिहायला
- पोत्याला शिवलेली चिठ्ठी आणि खरेदीचं बिल. पोतं संपेपर्यंत टाकू नका. खाद्यात खोट निघाली तर हातात एवढाच पुरावा असतो.

१. कोंबड्यांची वयाप्रमाणे वाटणी करा

पिल्लं (पहिले ८ आठवडे): यांना चिक मॅश (मॅश म्हणजे भरडून मिसळलेलं खाद्य) किंवा स्टार्टर. प्रथिनं साधारण २० टक्के.

तलंगा (९ व्या आठवड्यापासून अंड्यावर येईपर्यंत): यांना ग्रोअर. प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम १ टक्का.

अंड्यावरच्या कोंबड्या: यांना लेयर मॅश. प्रथिनं १६ ते १८ टक्के, कॅल्शियम ३ ते ४ टक्के.

तलंगेला लेयरवर कधी न्यायचं, ते आठवडे मोजून ठरवू नका. मोठ्या फार्मवरची कोंबडी १८-२० आठवड्यांत अंड्यावर येते. आपल्या गावठीला सहा-सात महिनेही लागतात. तिच्याकडे बघा. तुरा आणि गालाखालची लोळी लाल होतात, ती कोपरे हुंगत फिरते, पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली बसते. ही लक्षणं दिसली की पंधरा दिवसांच्या आत पहिलं अंडं येतं, आणि कॅल्शियमची साठवण ती हाडांमध्ये आधीपासूनच सुरू करते. लेयर मॅश तेव्हा सुरू करायचं.

इथला मोठा सापळा हा, की परसात सगळ्या एकत्र फिरतात. अंड्यावरच्या सहा, तलंगा चार, एक कोंबडा आणि आईमागे पिल्लं. सगळ्यांना लेयर घातलं तर पिल्लांच्या आणि तलंगांच्या पोटात नको तितकं कॅल्शियम जातं, आणि त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. पिल्लू बाहेरून ठीक दिसतं, मग एके दिवशी मान टाकतं. सगळ्यांना ग्रोअर घातलं तर अंड्यावरच्या कोंबड्यांना कॅल्शियम कमी पडतं.

माझा तोडगा असा: पिल्लांना आईसह डालग्याखाली किंवा जाळीच्या कप्प्यात वेगळं चिक मॅश. बाकी सगळ्यांना ग्रोअर, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याच्या चुऱ्याची वाटी वेगळी. जिला गरज आहे ती तिथे जाऊन खाते. कोंबडा आणि तलंगा त्या वाटीकडे फारशा वळत नाहीत. सगळ्याच अंड्यावर असतील तर मात्र सरळ लेयर आणा.

२. पोत्यावरची चिठ्ठी वाचा

पोत्यावर कोंबडीचं चित्र असतं, पण त्यावरून काही कळत नाही. चिठ्ठीवर चार गोष्टी शोधा: खाद्य कोणासाठी आहे (लेयर, ग्रोअर, ब्रॉयलर), क्रूड प्रोटीन (म्हणजे प्रथिनांचं प्रमाण), कॅल्शियम आणि उत्पादनाची तारीख.

कॅल्शियमचा आकडा का बघायचा, ते हिशोबाने सांगते. एका मध्यम अंड्याचं कवच ५-६ ग्रॅम भरतं आणि त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लावते, म्हणजे अंड्याच्या दिवशी पोटात ४ ग्रॅमच्या आसपास जायला हवं. आता ११० ग्रॅम ब्रॉयलर खाद्यात १ टक्क्याने कॅल्शियम येतं जेमतेम १.१ ग्रॅम. तेवढ्याच लेयर मॅशमधून साडेतीन टक्क्यांनी येतं जवळपास ३.९ ग्रॅम. कमी पडलेलं कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. काही आठवडे तिला ते जमतं. मग पडद्याची अंडी येतात, आणि नंतर तिचे पाय लुळे पडायला लागतात.

ब्रॉयलर आणि चिक खाद्यात बऱ्याचदा रक्तीहगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. अंड्यावरच्या कोंबडीला ते दिलं तर त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो. घरातली मुलं ती अंडी खातात, म्हणून औषध मिसळलेलं पोतं आहे का, हे विचारूनच घ्या.

आणखी एक फसगत होते ती "लेयर कॉन्सन्ट्रेट" लिहिलेल्या पोत्यात. ते तयार खाद्य नव्हे. मका आणि कोंड्यात ठरावीक प्रमाणात मिसळण्यासाठी असतं, आणि प्रमाण पोत्यावरच छापलेलं असतं. तसंच भांड्यात ओतलं तर प्रथिनं आणि क्षार दोन्ही अती होतात.

मॅश, क्रम्बल (जाडसर चुरा) की पेलेट (गोळ्या)? परसासाठी मी मॅश किंवा क्रम्बल घेते. मॅशमध्ये कोंबड्या मक्याचे तुकडे टिपून खातात आणि तळाशी पीठ ठेवतात. जीवनसत्त्वं आणि क्षार नेमके त्या पिठात असतात. म्हणून भांडं रिकामं झाल्याशिवाय पुन्हा भरू नका. पीठ उरलंच तर पाण्याचा हबका मारून ओलसर करा, चाटूनपुसून खातात. ओलं केलेलं दोन तासांत संपलं नाही तर काढून टाका, उन्हात ते आंबतं.

३. किती लागेल

बंदिस्त असलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना रोज साधारण १.१ किलो, महिन्याला ३३ किलो. म्हणजे ५० किलोचं पोतं दीड महिना पुरतं. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या किडे, गवत, सांडलेलं धान्य टिपतात, त्यांना वरून ३० ते ६० ग्रॅम पुरतं. पावसात चरायला मिळत नाही तेव्हा ते वाढवा.

पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं, एप्रिल-मेमध्ये त्याहूनही जास्त. पाणी संपलेल्या दिवशी अंड्यांत खोट येतेच.

मी सकाळी थोडं आणि संध्याकाळी जास्त घालते. संध्याकाळच्या खाद्यामुळे कोंबड्या वेळेवर खुराड्याकडे परततात, हा एक फायदा. दुसरं कारण महत्त्वाचं आहे: कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. तेव्हा पोटात कॅल्शियम असायला हवं.

४. शिंपल्याची वाटी आणि रेवेची वाटी

या दोन वाट्यांत नवे लोक कायम गोंधळ करतात, म्हणून जरा सविस्तर.

रेव म्हणजे ओढ्याकाठचे तांदळाएवढे कठीण खडे. कोंबडीला दात नाहीत. दुकानात कलेजीबरोबर जो पेटा मिळतो, त्यात हे खडे राहतात आणि दाणा दळला जातो. खडे विरघळत नाहीत, त्यांतून कॅल्शियम मिळत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते स्वतःच टिपतात. बंदिस्त ठेवलेल्यांना आणि अख्खं धान्य खाणाऱ्यांना वाटी हवी.

शिंपल्याचा चुरा विरघळतो आणि कवचाला लागतो. आमच्याकडे तिसऱ्या, कालवं आणली की कवच्या टाकत नाही. स्वच्छ धुऊन खारटपणा घालवायचा, कडक उन्हात दोन दिवस वाळवायच्या आणि खलबत्त्यात कुटायच्या. अगदी पीठ करू नका. जाड रव्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे तुकडे पोटात हळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. किनाऱ्यापासून दूर असाल तर खाद्याच्या दुकानात शेल ग्रिट मिळतं.

अंड्यांची टरफलंही चालतात. आधी तव्यावर भाजा, मग चुरा. अख्खी अर्धी टरफलं टाकलीत तर कोंबड्यांना अंड्याचा आकार ओळखीचा होतो आणि त्या घरट्यातली अंडी फोडायला लागतात.

पानाला लावतात तो चुना मात्र खाद्यात घालू नका. तो तिखट असतो, चोच आणि अन्ननलिका भाजते.

ब्रॉयलर बंद करून लेयर आणलं आणि संध्याकाळी शिंपल्याची वाटी ठेवायला लागले, तेव्हा आठ दिवसांत पडद्याची अंडी थांबली. कवच नीट टणक व्हायला पुढचे दोन आठवडे गेले. अंडी खायच्या सवयीतून एक कोंबडी सुटली, दुसरी सुटली नाही.

५. घरचं धान्य घालायचं असेल तर

"आमच्या आजीच्या कोंबड्या कणी-कोंड्यावरच जगल्या" हे मी खूपदा ऐकते. खरंच जगल्या, आणि वर्षाला ६०-८० लहान अंडी दिली. तेवढीच हवी असतील आणि अंगण मोठं असेल तर तसंच करा, त्यात काही वाईट नाही. पण ग्रामप्रिया किंवा गिरिराज आणून तिच्याकडून दुपटीने अंडी घ्यायची आणि खायला नुसती कणी घालायची, हा तिच्यावर अन्याय आहे. मक्यात प्रथिनं ८-९ टक्के, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. तांदळाच्या कणीचंही तेच.

तयार खाद्य महाग पडत असेल किंवा घरचा मका असेल तर १० किलोचं मिश्रण असं करते:

- मक्याचा भरडा: ५ किलो
- सोयाबीन पेंड: २ किलो २०० ग्रॅम
- तांदळाचा कोंडा: दीड किलो
- बिनखारी सुकट, कुटून: ३०० ग्रॅम
- शिंपल्याचा चुरा: ८०० ग्रॅम
- डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेटची पूड): १०० ग्रॅम
- कोंबड्यांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण: पाकिटावरच्या मात्रेप्रमाणे
- मीठ: २५ ग्रॅम

यात प्रथिनं साडेसतरा टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम साडेतीन टक्के बसतं. मीठ, डीसीपी, जीवनसत्त्वं आधी किलोभर भरड्यात हाताने नीट चोळा आणि मग तो भरडा बाकीच्यात मिसळा. एकदम टाकलंत तर एका कोंबडीला सगळं मीठ आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. सुकट खारवलेली असेल तर वरचं मीठ पूर्ण वगळा. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करा. कोंड्यात तेल असतं, तो लवकर खवट होतो.

सोयाबीन घरचं असेल तरी कच्चं भरडून घालू नका. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. तेल काढलेली पेंड घ्या, नाहीतर दाणे नीट भाजा.

हिरवा पाला रोज द्या: शेवगा, लसूणघास, मेथी-कोथिंबिरीचे देठ. बलक त्याने केशरी होतो, पिवळ्या मक्यानेही होतो. पण फिक्या बलकाचं अंडं निकस असतं असं समजू नका, रंग आणि पोषण एकच नव्हे. अ‍ॅझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक वनस्पती) चांगला, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नका.

६. हे देऊ नका

गुरांचं खाद्य. काही पशुखाद्यांत युरिया असतो. गाईच्या पोटाला तो चालतो, कोंबडीला नाही. सरकीची पेंडही नको, तिच्यातल्या घटकाने साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. हिरव्या सालीचे बटाटे, कच्चा राजमा, लोणच्याचा खार, बुरशी आलेला पाव किंवा भाकरी हे उकिरड्यावरही अशा जागी टाका, जिथे कोंबड्या पोचणार नाहीत. ताटातलं उरलेलं भात-पोळी-भाजी चालते, पण दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. भाताने पोट भरलं की ती मॅशकडे बघत नाही.

७. खाद्य बदलताना आठवडा घ्या

पहिले दोन दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवं. पुढचे दोन दिवस निम्मंनिम्मं. मग तीन भाग नवं, आणि आठव्या दिवशी पूर्ण. एकदम बदललं तर काही कोंबड्या दोन-दोन दिवस खात नाहीत आणि अंडी थांबतात. कंपनी बदलतानाही हेच करा.

८. पावसाळ्यात पोतं सांभाळा

मका आणि शेंगदाणा पेंड यांना ओल लागली की बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. कोंबडीचं यकृत त्याने बिघडतं, अंडी घटतात, रोगाशी लढायची ताकद जाते. सगळ्यात वाईट म्हणजे हे विष उन्हात वाळवून किंवा भाजून जात नाही. बुरशी मरते, विष तसंच राहतं. म्हणून "थोडं ऊन दाखवून घालू" हा विचार करू नका.

जून ते सप्टेंबर मी ५० किलोचं पोतं आणतच नाही. दुकानातून सुटं दहा-पंधरा किलो घेते, तेही समोर नवं पोतं उघडायला लावून. घेण्याआधी कोपरापर्यंत हात आत घाला. आतून गरम लागलं, गोळे लागले, किंवा हाताला कुबट वास राहिला तर घेऊ नका. घरी पिंप फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. ओल्या हाताने किंवा ओल्या डब्याने खाद्य काढू नका. पिंप रिकामं झालं की तळ खरवडून, पुसून, वाळवून मगच नवं भरा. तळाशी चिकटलेल्या जुन्या पिठातून बुरशी नव्या खाद्यात जाते. उत्पादनाच्या तारखेपासून महिना-दीड महिन्यात पोतं संपेल असा हिशोब ठेवा.

९. अंडी कमी झाली, की आधी हे बघा

वही उघडा. खाद्य नुकतंच बदललं का? पाणी संपलं होतं का? दिवस लहान झालेत का? कोंबडीला अंड्यासाठी साधारण चौदा ते सोळा तास उजेड लागतो, हिवाळ्यात अंडी आपसूक घटतात. पिसं झडत असतील तर ती विश्रांतीवर आहे. तेव्हा प्रथिनं कमी करू नका, नवी पिसं प्रथिनांचीच बनतात. खुडूक बसली असेल तर कितीही चांगलं खाद्य घाला, ती अंडी देणार नाही. ऐन उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीचं कवच पातळ होतं, मग शिंपल्याची वाटी भरलेली असली तरी. तेव्हा सावली आणि गार पाणी द्या, खाद्य पहाटे आणि उन्हं उतरल्यावर घाला.

जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. जंताचं औषध आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही त्यांनाच विचारून वहीत लिहून ठेवा.

शेवटी एक सवय लावून घ्या. रात्री कोंबड्या आढ्यावर बसल्या की एकेकीच्या गळ्याखालच्या पिशवीवर हलका हात फिरवा. लिंबाएवढी, भरलेली, दाबली तर दबणारी असायला हवी. रिकामी लागली तर तिला दिवसा बाकीच्या खाऊ देत नाहीत. दुसरं भांडं लांब ठेवा. पहाटे पुन्हा हात लावा, तेव्हा ती रिकामी हवी. पहाटेही घट्ट भरलेली असेल, किंवा आंबूस वास येत असेल, तर त्या कोंबडीला वेगळं ठेवा, खाद्य बंद करून फक्त पाणी द्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जाताना पोत्याची चिठ्ठी बरोबर घ्या.